'डाय हार्ड' करणाऱ्याच्याच हातून 'रोलरबॉल' कसा होतो? जॉन मॅकटिअर्ननचे भक्कम आणि कच्चे सिनेमे

चित्रवेडा

गेल्या दोन आठवड्यांत दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्ननचे अकराच्या अकरा सिनेमे क्रमाने पाहून काढले. १९८६ च्या 'नोमॅड्स'पासून २००३ च्या 'बेसिक'पर्यंत. डोक्यात एकच प्रश्न घोळतोय, म्हणून हा धागा.

१९८७ मध्ये 'प्रेडेटर', १९८८ मध्ये 'डाय हार्ड', १९९० मध्ये 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर'. लागोपाठ तीन, आणि तिन्ही असे की पुढच्यांनी त्यांच्यावरून धडे गिरवले. त्याच माणसाने २००२ मध्ये 'रोलरबॉल' केला. तो पाहताना मला खरंच वाईट वाटलं. पडद्यावर इतकी धावपळ चालू असते, पण कोण कुठे आहे, कुठून आला, कुठे निघालाय, याचा पत्ता लागत नाही.

माझं मत असं की मॅकटिअर्ननची सगळी ताकद जागेत आहे. 'डाय हार्ड'मध्ये नायक मॅक्लेन इमारतीच्या अर्धवट बांधलेल्या मजल्यावरून पळताना भिंतीवर चिकटवलेलं एका बाईचं पोस्टर लागतं. पुढे तो पुन्हा त्याच वाटेने येतो तेव्हा तेच पोस्टर दिसतं. बघणाऱ्याला लगेच कळतं, 'अरे, हा तोच बोळ.' कुणी काही सांगत नाही, नकाशा दाखवत नाही. तासाभरात ती इमारत आपल्या ओळखीची होते आणि मग प्रत्येक गोळीला अर्थ येतो. जिथे त्याला अशी जागा मिळाली तिथे तो अजिंक्य, जिथे मिळाली नाही तिथे सिनेमा विस्कटला.

पटतंय का? तुमचा क्रम काय? (पुढे रहस्यभेद येणार, त्यामुळे न पाहिलेल्यांनी जपून वाचा.)

---

जुनी_कॅसेट

पहिला नंबर 'डाय हार्ड'. दुसरा नंबर 'डाय हार्ड'. तिसऱ्यापासून चर्चा करू. :)

---

अनाहूत

जागेचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. 'डाय हार्ड' चालतो तो पटकथेमुळे. रॉडरिक थॉर्पच्या १९७९ च्या कादंबरीतली गोष्ट चांगलीच काळवंडलेली आहे आणि तिथला नायक वयस्क आहे. पटकथाकार जेब स्टुअर्ट आणि स्टीव्हन डिसूझा यांनी त्याचा संसार तुटायला आलेला, घाबरणारा, स्वतःशी बडबडणारा पोलीस केला. अनवाणी पायांनी काचांवरून चालणारा नायक लिहिला की अर्धं काम तिथेच झालं. 'रोलरबॉल'मध्ये लिहिलेलंच काही नाही, तर दिग्दर्शक जागा दाखवून काय करणार?

आणि खरं सांगायचं तर 'डाय हार्ड'चं निम्मं श्रेय ॲलन रिकमनचं. तो त्याचा पहिला सिनेमा होता हे आजही खरं वाटत नाही.

---

चित्रवेडा

@अनाहूत, पटकथेचं श्रेय मी नाकारत नाही. पण एक लक्षात घ्या. खलनायक राजकीय दहशतवादी नसावेत, दहशतवादाचं सोंग घेतलेले दरोडेखोर असावेत, हा आग्रह मॅकटिअर्ननचा. गोष्ट एका रात्रीत बसवणंही त्याचंच. त्यासाठी त्याने शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' डोळ्यांपुढे ठेवलं होतं: एक सणाची रात्र, सगळी उलथापालथ, सकाळी माणसं बदललेली. पटकथा कुठल्या दिशेने न्यायची हे ठरवण्यातही दिग्दर्शक होताच.

---

कात्रीवाली

मी संकलक आहे, बहुतेक माहितीपट करते. शिकत असताना आम्हाला 'डाय हार्ड'चे प्रसंग आवाज बंद करून बघायला लावले होते. बंदूकधारी किती, दार कुठल्या बाजूला, मॅक्लेन त्यांच्या वर की खाली, हे कागदावर लिहायचं. वर्गातल्या सगळ्यांचं जवळपास सारखं आलं. नंतर दुसऱ्या एका सिनेमाचा (नाव नको) पाठलाग तसाच पाहिला, तेव्हा प्रत्येकाचा कागद वेगळा. ती तासिका मी अजून विसरलेले नाही.

तांत्रिक बाजू थोडी सांगते. तेव्हाचा रिवाज असा होता की कॅमेरा सरकत असेल तर तो थांबू द्यायचा आणि मग कट मारायचा. मॅकटिअर्ननने चालत्या कॅमेऱ्यातूनच दुसऱ्या चालत्या कॅमेऱ्यात उडी मारली. हे नुसतं वेगासाठी नव्हतं. पहिल्या शॉटमध्ये कॅमेरा डावीकडून उजवीकडे जात असेल, तर पुढचा शॉट ती ओढ तशीच पुढे नेतो. नजर जिथे पोचलेली असते तिथेच नवी गोष्ट येऊन उभी राहते, म्हणून धक्का बसत नाही. 'डाय हार्ड'ला संकलनाचं ऑस्कर नामांकन होतं ते उगीच नव्हे.

पण ही भट्टी जमायला कॅमेरा चालवताना कट कुठे पडणार हे आधी डोक्यात लागतं. नंतर टेबलावर बसून हे करता येत नाही. म्हणून मी चित्रवेडा यांच्या बाजूची, फक्त 'जागा' या शब्दाऐवजी 'नजर' म्हणेन.

---

तिसरी_रांग

+१ कात्रीवाली. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो.

---

रीळ_क्रमांक_तीन

मग हे श्रेय कॅमेरामन यान द बाँट यांचं का नाही? 'डाय हार्ड' आणि 'रेड ऑक्टोबर' दोन्ही त्यांनी चित्रित केले. पुढे स्वतः दिग्दर्शक होऊन १९९४ मध्ये 'स्पीड' केला. एक बस, एक लिफ्ट, एक भुयारी गाडी. सगळं जागेवर!

---

अनाहूत

आणि १९९७ मध्ये त्याच द बाँट यांनी 'स्पीड २' केला. बोट इतकी हळू की मी मध्ये उठून आलो तरी ती तिथेच होती. :)

मुद्दा तोच. माणूस तोच, हात तोच, पण गोष्ट बोटीवर नेली आणि बुडाली.

---

कात्रीवाली

@रीळ_क्रमांक_तीन, प्रश्न रास्त आहे. पण 'प्रेडेटर'चे कॅमेरामन वेगळे, डोनाल्ड मॅकअल्पाइन. तिथेही झाडांमधून सरकणारा कॅमेरा तोच स्वभाव दाखवतो. तो स्वभाव दिग्दर्शकाचा. द बाँट यांच्यामुळे त्याला धार आली, हे मान्य.

---

मोहर

'प्रेडेटर'चा विषय निघालाच आहे तर एका प्रसंगावर लिहायचंय. जंगलात एक श्वापद सैनिकांच्या पथकाची शिकार करतंय. त्यांतला ब्लेन मरतो, त्याचा साथीदार मॅक त्याची मशीनगन उचलतो आणि समोरच्या जंगलावर रिकामी करतो. मग बाकीचेही येऊन उभे राहतात आणि मिळेल त्या बंदुकीने झाडंच्या झाडं कापून काढतात. शेवटी धूर, शांतता, आणि हाती काही नाही. एकही गोळी लागलेली नाही.

१९८७ च्या मारधाडपटात हे असणं मला विलक्षण वाटतं. त्या काळात नायकाने गोळ्या झाडल्या की माणसं पटापट पडायची. इथे जगातले सगळ्यात दणकट सात पुरुष एकत्र गोळ्या झाडतात आणि फक्त पानं पडतात. पुढच्या अर्ध्या सिनेमात त्यांची शस्त्रं एकेक करून निकामी होत जातात. शेवटी नायकाकडे उरतो चिखल, लाकूड आणि वेली.

---

तिसरी_रांग

छोटी दुरुस्ती. अगदीच 'एकही लागली नाही' असं नाही. नंतर पानावर हिरवं, चमकणारं रक्त सापडतं ना! त्यांच्यासोबत असलेली ॲना ते बघते. त्यावरूनच 'रक्त येतं म्हणजे मरूही शकतो' हा धागा पुढे जातो. आणि तेव्हा ते सात नव्हते, पथकातला हॉकिन्स आधीच गेलेला.

---

मोहर

बरोबर, दोन्ही मान्य. उलट तुमच्या दुरुस्तीने प्रसंग आणखी आवडायला लागला. एवढ्या दारूगोळ्याच्या बदल्यात दोन थेंब.

---

रीळ_क्रमांक_तीन

'प्रेडेटर'मध्ये कच्चं काय तेही सांगतो. सुरुवातीचा बंडखोरांच्या तळावरचा हल्ला. स्फोट होतो, माणूस हवेत उडतो, पुढचा स्फोट, पुढचा माणूस. तो भाग चित्रीकरणाच्या दुसऱ्या पथकाने, स्टंटप्रमुख क्रेग बॅक्सली यांच्या हाताखाली चित्रित केला, आणि लगेच ओळखू येतो. बाकी सिनेमात कॅमेरा वाट काढत जातो, इथे तो एका जागी उभा राहून फटाके बघतो. (बघा, मीही तुमच्या बाजूला आलो.)

---

पाणबुडी

नावावरून ओळखलंच असेल की मी कुठल्या सिनेमासाठी आलेय. :)

'रेड ऑक्टोबर' मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाळेत होते, वडिलांसोबत. पाणबुडीला खिडकी नसते हे मला त्या दिवशी कळलं. विचार करा, मारधाडपटाच्या दिग्दर्शकाला असा सिनेमा दिलाय की ज्यात कुणालाच बाहेरचं दिसत नाही! शत्रू म्हणजे हेडफोनमधला आवाज. दोन पाणबुड्यांमध्ये अंतर किती, तर बसून मोजायचं. जागा दाखवायचीच सोय नाही. आणि तरीही शेवटच्या टॉर्पिडोच्या वेळी 'रेड ऑक्टोबर' कुठे, 'कोनोवालोव्ह' कुठे, 'डॅलस' कुठे, हे मला शाळकरी वयात कळत होतं. प्रत्येक पाणबुडीतला उजेड वेगळा ठेवलाय, त्यामुळे कट पडल्याबरोबर आपण कुणाच्या पोटात आहोत ते समजतं. या सिनेमाला ऑस्कर मिळालं तेही ध्वनिपरिणामांच्या संकलनाचं. कानांनी बघायचा सिनेमा आहे हा.

माझा पहिला नंबर हाच. 'डाय हार्ड' दुसरा. जुनी_कॅसेट रागावतील.

---

जुनी_कॅसेट

रागावलो नाही, पण आज रात्री 'डाय हार्ड' पुन्हा बघणार, मनःशांतीसाठी.

---

शब्दवेल

मी उपशीर्षकं लिहिण्याचं काम करते, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच जातं. मॅकटिअर्ननच्या सिनेमांत मला जागेपेक्षा भाषा दिसते.

'रेड ऑक्टोबर'च्या सुरुवातीला सगळे रशियन बोलतात आणि खाली इंग्रजी उपशीर्षकं येतात. राजकीय अधिकारी कॅप्टन रेमियसच्या खोलीत येतो आणि त्याच्या दिवंगत पत्नीच्या पुस्तकातला, बायबलमधला उतारा मोठ्याने वाचायला लागतो. कॅमेरा हळूहळू त्याच्या ओठांजवळ जातो. 'आर्मागेडन' हा शब्द येतो, जो दोन्ही भाषांत तोच आहे, आणि त्या एका शब्दाच्या पुलावरून वाचन इंग्रजीत शिरतं. कॅमेरा मागे येतो. इथून पुढे आपण रशियन लोकांचं बोलणं इंग्रजीत ऐकणार, हा करार झाला. अमेरिकी लोक पाणबुडीवर येतात तेव्हा रशियन पुन्हा रशियन होते, कारण आता समोर ती न कळणारा माणूस आहे.

माझ्या कामात याच्याइतकं सुंदर उत्तर मी पाहिलेलं नाही. आम्ही दोन ओळींत आणि काही सेकंदांत जे बसवायला धडपडतो ते त्याने एका शब्दात केलं.

आता 'द थर्टीन्थ वॉरियर' घ्या. सगळे त्याला पडेल म्हणतात. पण त्यात अरब दूत इब्न फदलान रात्रीमागून रात्री शेकोटीभोवती उत्तरेकडच्या योद्ध्यांचं बोलणं ऐकत बसतो. आधी सगळं अनोळखी. मग मध्येच एखादा इंग्रजी शब्द. मग अर्धं वाक्य. आणि एका रात्री ते त्याच्याबद्दल काहीतरी वाईट बोलतात तेव्हा तो त्यांच्याच भाषेत उलट उत्तर देतो. शिकलास कुठे, असं विचारतात, तर म्हणतो, ऐकत होतो. या एका प्रसंगासाठी मी तो सिनेमा कुणालाही दाखवीन.

---

मोहर

शब्दवेल, 'डाय हार्ड'मध्येही हे आहे! टोळीतले लोक आपसांत जर्मन बोलतात आणि आपल्याला भाषांतर मिळत नाही. आपणही मॅक्लेनसारखे, लपून ऐकणारे, अर्थ न कळणारे.

---

शब्दवेल

अगदी. आणि टोळीचा म्होरक्या हान्स, म्हणजे रिकमन, मॅक्लेनच्या समोर येतो तेव्हा काय करतो? उच्चार बदलतो. अमेरिकी बोलायला लागतो, भिंतीवरच्या पाटीवरून नाव उचलतो आणि ओलीस असल्याचं नाटक करतो. रिकमनला अमेरिकी उच्चार जमतात हे कळल्यावर तो प्रसंग घातला गेला म्हणतात. दोन माणसं सिगरेट ओढत बोलतायत, आणि सगळं युद्ध उच्चारात चाललंय.

फक्त काचांवर गोळ्या झाडायला सांगताना त्याची जर्मन चुकते. ते मात्र कानाला टोचतं.

---

अनाहूत

चुका निघाल्याच आहेत तर: शेवटी पळून जायला जी रुग्णवाहिका ट्रकमधून निघते, ती सुरुवातीला टोळी त्याच ट्रकमधून उतरते तेव्हा दिसत नाही. चित्रीकरण चालू असताना पटकथा पुरी व्हायची होती, त्याचा हा पुरावा. माझं म्हणणं तेच आहे, लेखन!

---

कात्रीवाली

पण तुम्हाला पहिल्या खेपेला ती चूक दिसली का? मला तर पाचव्या खेपेला दिसली. पटकथेत एवढं भोक असूनही सिनेमा गळत नाही, याचा अर्थ त्याला धरून ठेवणारं दुसरं काहीतरी आहे.

---

अनाहूत

हम्म. यावर विचार करतो.

---

गणिती

तिसऱ्या 'डाय हार्ड'बद्दल कुणीच कसं बोलत नाही? १९९५ चा, सॅम्युएल जॅक्सन असलेला. त्यात कारंज्यावर कोडं येतं: एक घडा ३ गॅलनचा, एक ५ चा, आणि बरोबर ४ गॅलन पाणी भरून वजनकाट्यावर ठेवायचं, नाहीतर बॉम्ब. मी शिकवताना हेच कोडं वापरतो. पडद्यावर दोघं इतक्या घाईने आणि भांडत सोडवतात की रीत नीट कळतच नाही. म्हणून लिहून ठेवतो:

५ चा भरा. त्यातून ३ चा भरा, ५ मध्ये २ उरले. ३ चा रिकामा करा, ते २ त्यात ओता. ५ चा पुन्हा भरा. ३ च्या घड्यात १ ची जागा आहे, तेवढं ओता. ५ मध्ये राहिले ४.

सहा पायऱ्या.

---

तिसरी_रांग

दुसरी रीतही आहे ना? ३ पासून सुरुवात केली तर?

---

गणिती

आहे. ३ चा भरून ५ मध्ये ओता, पुन्हा ३ चा भरून ओता, ३ मध्ये १ उरेल. ५ चा रिकामा करा, तो १ त्यात ओता, वर ३ ओता. झाले ४. आठ पायऱ्या लागतात, पण पाणी कमी लागतं: पहिल्या रीतीत १० गॅलन, हिच्यात ९. बॉम्बचं घड्याळ चालू असेल तर पहिली घ्या.

---

पाणबुडी

धाग्याचा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद. जपून ठेवला. :)

---

चित्रवेडा

गणिती, आभार! तिसऱ्या 'डाय हार्ड'चा पहिला तास माझ्या दृष्टीने मॅकटिअर्ननच्या सर्वोत्तम कामांत मोडतो. तिथे इमारतीऐवजी अख्खं न्यूयॉर्क आहे. टेलिफोनवरून हुकूम, ठरलेली वेळ, आणि टॅक्सी सरळ सेंट्रल पार्कमधून घातलेली. शहर मोठं, पण प्रत्येक क्षणी ठाऊक असतं की यांना इथून तिथे इतक्या मिनिटांत पोचायचंय. मग सोनं चोरीला जातं आणि सिनेमा न्यूयॉर्क सोडतो. ॲस्पिरिनच्या बाटलीवरचा पत्ता वाचून सीमेपलीकडे कॅनडात. हेलिकॉप्टर, अंधार, विजेची तार, खेळ खलास. इतका घाईचा शेवट त्या तासाला शोभत नाही. शहर सुटलं आणि सिनेमाचा कणा गेला.

---

रीळ_क्रमांक_तीन

आधी चित्रित केलेला शेवट वेगळा होता. मॅक्लेन बऱ्याच काळाने खलनायक सायमनला गाठतो, मध्ये टेबलावर छोटं रॉकेट लाँचर ठेवतो आणि कोड्यांचा खेळ त्याच्यावर उलटवतो. थंड, क्रूर आणि दोन माणसांत घडणारा. मला तोच बरा वाटतो. कोड्यांनी सुरू झालेली गोष्ट कोड्यानेच संपते.

---

मोहर

पण त्यात मॅक्लेन आपला राहत नाही हो. इतका थंड मॅक्लेन बघवत नाही.

---

जुनी_कॅसेट

आता एका अनाथाची बाजू घेतो. 'लास्ट ॲक्शन हिरो'. १९९३ च्या जूनमध्ये 'जुरासिक पार्क' लागला आणि बरोबर आठवड्याने हा. डायनासोरसमोर कोण टिकणार? तेव्हापासून याच्या कपाळावर 'पडेल' शिक्का बसला तो बसलाच.

मी तो लहानपणी घासलेल्या कॅसेटवर पाहिला. एक मुलगा जादूच्या तिकिटामुळे सिनेमात शिरतो आणि पुढे सिनेमातला नायक खऱ्या जगात येतो. खऱ्या जगात येऊन तो गाडीची काच मुठीने फोडतो आणि हात दुखतो म्हणून चकित होतो. पण मला विसरता येत नाही तो चार्ल्स डान्सचा खलनायक. तोही खऱ्या जगात येतो. रस्त्यात एका माणसाला गोळी घालतो आणि पोलीस येण्याची वाट बघतो. कुणी येत नाही. मग ओरडून सांगतो की मी माणूस मारलाय. तरी कुणी नाही. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो ना! सिनेमातल्या दुष्टाला कळतं की बाहेरच्या जगात दुष्ट जिंकू शकतात. नऊ-दहा वर्षांचा होतो मी, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सिनेमा खोटा असतो आणि तरी का लागतो.

सिनेमा लांबला आहे, स्वर सारखा बदलतो, विनोद सगळे जमत नाहीत, हे सगळं मान्य. पण तो कच्च्या यादीत टाकू नका.

---

अनाहूत

तो प्रसंग थोर आहे. पण पहा, पुन्हा लेखन. मूळ कल्पना झॅक पेन आणि ॲडम लेफ या दोन नवख्यांची, मग त्यावर शेन ब्लॅक आणि डेव्हिड आरनॉट बसले. (शेन ब्लॅक म्हणजे 'प्रेडेटर'मधला हॉकिन्स. सगळ्यांत आधी मरणारा.) इतके हात लागले की स्वर बदलणारच.

---

कात्रीवाली

आता 'द थॉमस क्राउन अफेअर'. १९९९. मला वाटतं इथे चित्रवेडा यांचं म्हणणं सगळ्यात स्वच्छ दिसतं, कारण यात मारामारी जवळजवळ नाहीच. एक संग्रहालय, एक मोनेचं चित्र, खाली येणारं लोखंडी दार आणि त्याखाली अडकवलेली बॅग. पिअर्स ब्रॉस्नन घाम न गाळता चोरी करतो. शेवटी तेच संग्रहालय आणि गोल टोपी घातलेली माणसंच माणसं, माग्रितच्या चित्रातल्यासारखी. कोण खरा क्राउन, पोलिसांना कळत नाही, आणि आपल्यालाही क्षणभर कळत नाही. इतकी वर्षं 'कोण कुठे आहे' हे चोख सांगणाऱ्याने एकदाच मुद्दाम ते लपवलं आणि त्याचा नाच केला. मागे नीना सिमोनचा आवाज. तो प्रसंग कापणाऱ्या संकलकाचा मला हेवा वाटतो.

---

तिसरी_रांग

एक गंमत मला आत्ता सुचतेय. त्यात चोरीच्या वेळी उष्णता टिपणारा कॅमेरा आंधळा करायला बॅगेतून खोलीत उष्णता सोडली जाते. आणि 'प्रेडेटर'मध्ये श्वापदाची नजर उष्णतेची, म्हणून नायक थंड चिखलात लोळतो. दोन्हीकडे लपायचं ते उष्णता बघणाऱ्या डोळ्यापासून. एक अंग गार करतो, दुसरा खोली गरम करतो!

---

कात्रीवाली

वा! हे कधी जाणवलं नव्हतं. बारा वर्षांच्या अंतराने तोच खेळ.

---

पाणबुडी

आणि आणखी एक: 'थॉमस क्राउन' १९६८ च्या सिनेमाचा रिमेक आहे, 'रोलरबॉल' १९७५ च्या. दोन्ही मूळ सिनेमे नॉर्मन ज्युइसनचे! एकाच दिग्दर्शकाचे दोन सिनेमे घेऊन एकाचं सोनं केलं, एकाची माती. म्हणजे चित्रवेडा यांच्या प्रश्नाचं उत्तर या जोडीतच असणार.

---

अनाहूत

उत्तर सोपं आहे. 'रोलरबॉल'वर स्टुडिओने कात्री चालवली. २००१ च्या उन्हाळ्यात यायचा तो पुढे ढकलून फेब्रुवारी २००२ मध्ये आणला. प्रौढांसाठी केलेला सिनेमा किशोरांना चालेल असा कापला. 'थर्टीन्थ वॉरियर'चंही तेच: मायकेल क्रायटननी, ज्यांची मूळ कादंबरी होती, स्वतः पुन्हा चित्रीकरण केलं, संगीतही बदलून जेरी गोल्डस्मिथना दिलं. दोन्हीकडे दिग्दर्शकाचा सिनेमा दिग्दर्शकाच्या हातात राहिला नाही.

---

कात्रीवाली

कापाकापीने लय जाते, अर्थ जातो, हे मी रोज पाहते. पण 'रोलरबॉल'मध्ये रात्रीचा एक लांबलचक पाठलाग सगळा हिरव्या, रात्री दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या रंगात आहे. ना जमीन कळते, ना अंतर. ते कात्रीने झालेलं नाही, ते तसंच चित्रित केलंय. तिथे त्याचा स्वतःचा निर्णय चुकला, असं मला वाटतं, आणि हे लिहिताना त्रास होतो.

---

रीळ_क्रमांक_तीन

त्याच सिनेमाच्या सुमारास त्याने निर्मात्याचे फोन चोरून ऐकायला अँथनी पेलिकानो या खासगी गुप्तहेराला कामाला लावलं. एफबीआयने विचारलं तेव्हा खोटं बोलला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी २०१३ च्या एप्रिलपासून जवळपास दहा-अकरा महिने तुरुंगात काढले. 'बेसिक'नंतर एकही सिनेमा नाही. एका सेटवरचा अविश्वास कुठवर गेला ते बघा.

---

मोहर

'बेसिक' राहिलाच. मुसळधार पाऊस, रात्र, जंगल, आणि प्रत्येक साक्षीदार वेगळी हकीकत सांगतो. पाहताना गुंगवतो. पण शेवटच्या वळणावर कळतं की आधी पाहिलेल्यातलं फारसं काही खरंच नव्हतं, आणि मग राग येतो. 'प्रेडेटर'च्या जंगलात झाडाआड काय आहे याची भीती वाटायची. इथल्या जंगलात ती वाटत नाही, कारण ते जंगलच कदाचित खोटं.

---

शब्दवेल

'मेडिसिन मॅन'वर कुणीच बोललं नाही. मीही नाही बोलत. शॉन कॉनरीची वेणी आठवते, बाकी काही नाही.

---

चित्रवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणबुडी यांनी ज्युइसनची जोडी दाखवल्यावर काल रात्री १९७५ चा आणि २००२ चा, दोन्ही 'रोलरबॉल' पाठोपाठ पाहिले, आणि कात्रीवाली यांच्यासारखा कागद घेऊन, आवाज बंद करून.

जुन्यातलं मैदान साधं वर्तुळ. म्युनिकच्या बास्केटबॉलच्या सभागृहात उभारलेलं. लोखंडी चेंडू कडेने सुटतो, सगळे एकाच दिशेने फिरतात, गोल भिंतीत. पाच मिनिटांत माझ्या कागदावर सगळं होतं. नव्यातलं मैदान इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं, एकमेकांना छेदणारं, मध्ये रॅम्प, जाळ्या, दिवे, वाजवणारे, प्रेक्षक. पहिल्या सामन्यानंतर माझा कागद कोरा. कोणता संघ कुठल्या बाजूचा हेही लिहिता आलं नाही. खेळाचे नियम कळत नाहीत म्हणून कोण हरतंय याची काळजी वाटत नाही. आणि मग त्यातला माणूस मेला तरी आपण ढिम्म.

अनाहूत, कात्रीचं तुमचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो. पण ते मैदान कात्री लागण्याआधीच बांधलं होतं.

माझा बदललेला क्रम: 'डाय हार्ड', 'रेड ऑक्टोबर', 'प्रेडेटर', 'थॉमस क्राउन', तिसऱ्या 'डाय हार्ड'चा पहिला तास. मग 'लास्ट ॲक्शन हिरो', जुनी_कॅसेट यांच्यामुळे दोन पायऱ्या वर.

---

अनाहूत

मैदानाचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं कबूल करतो की 'रेड ऑक्टोबर'मध्ये तो ओठांवर जाणारा कॅमेरा कुठल्याही पटकथेतून आपोआप येत नाही. माझा क्रम तुमच्याइतकाच, फक्त 'प्रेडेटर' दुसरा.

---

जुनी_कॅसेट

दोन पायऱ्या! आजचा दिवस सार्थकी.

---

पाणबुडी

शब्दवेल, 'थर्टीन्थ वॉरियर' मी कधी पाहिलाच नव्हता, सगळ्यांनी वाईट सांगितला म्हणून. आज लावतेय. शेकोटी आली की इथे लिहीन.